घरातली जुनी तलवार विकायची आहे? आधी मूल्यांकन, तेही या क्रमाने

तलवार विकायचे ठरले की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. आधी ती घासून चकचकीत केली जाते. मग तिचे फोटो चार व्हॉट्सॲप गटांवर जातात, कोणीतरी एक आकडा सांगतो आणि तो डोक्यात बसतो. कागदपत्रांची आठवण होते ती गिऱ्हाईक दारात आल्यावर. नुकसान होते ते या उलट्या क्रमामुळे. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका, कारण पुढचा टप्पा त्यावरच उभा असतो.

टप्पा १ : काहीही साफ करू नका

खंडेनवमीला शस्त्रे पुजायची म्हणून चिंच, रांगोळी, विटेची पूड किंवा पॉलिश पेपर घेऊन पाते घासण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. माझ्या आजोळी दर वर्षी हेच व्हायचे. मुठीजवळ पात्यावर अक्षरांची एक ओळ होती, असे आजी सांगायची. मला कळू लागले तोवर तिथे बोटाला जेमतेम जाणवेल एवढी खरखर उरली होती. ती ओळ आता कोणालाही वाचता येणार नाही, आणि तलवार कोणाची होती हे सांगणारा तोच एक पुरावा होता.

घासण्याने नेमके काय जाते ते समजून घ्या. जुन्या पोलादावर काळाबरोबर एक तपकिरी-काळसर थर चढतो. तो घट्ट असेल तर तो गंज म्हणून काढायचा नसतो, वय ओळखण्याची ती एक खूण असते. चांगल्या हिंदुस्थानी पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. पॉलिश पेपरने ती दिसेनाशी होते. मुठीवरचे कोफ्तगिरीचे काम म्हणजे खरवडलेल्या लोखंडावर ठोकून बसवलेली सोन्या-चांदीची बारीक तार किंवा वर्ख. तो थर इतका पातळ असतो की पितळेच्या पॉलिशने दोनदा पुसला तरी विरळ होतो.

मूठ गरम पाण्यात बुडवू नका आणि उन्हातही ठेवू नका. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या तलवारींत पात्याची शेपटी मुठीत लाख ओतून पक्की केलेली असते. उष्णतेने लाख मऊ होते, मूठ डुगडुगते, आणि मग ती "पक्की" करायला कोणीतरी वेल्डिंगवाल्याकडे नेतो. वेल्डिंगचा एक टाका पडला की जाणकार ग्राहक तिथूनच परत फिरतो.

करायचे एवढेच : कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ टिपा. पात्याला उघडा हात लावू नका, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजतात. हळद-कुंकू थेट पोलादावर लावणे यापुढे बंद करा. तलवार पाटावर कापड घालून ठेवा आणि हळद-कुंकू पाटाला वाहा.

*सावधान :* म्यानातून तलवार काढताना म्यानाची धारेकडची बाजू तळहातात धरू नका. जुन्या म्यानाचे लाकूड शिवणीवर उकललेले असते आणि पाते त्यातून थेट हात कापते. तलवार अडकली असेल तर ओढाताण नको, तेल ओतणे नको. अडकलेल्या स्थितीतच फोटो काढा आणि ते काम जाणकारावर सोडा.

*तपासा :* गंज बोटाला नारिंगी भुकटीसारखा लागतो का? लागत असेल तर तो चालू गंज आहे. तलवार म्यानाबाहेर, कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे विशेष सांभाळा.

टप्पा २ : मालकी कोणाची, हे कागदावर आणा

तलवार ज्याच्या घरात टांगली आहे तोच तिचा मालक, असे नसते. वडिलोपार्जित वस्तू असेल तर सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. यात हमखास राहतात त्या बहिणी, आत्या आणि वारलेल्या भावाची मुले. व्यवहार ठरल्यावर एखाद्या वारसाने हरकत घेतली की ग्राहक निघून जातो आणि नाती बिघडतात ती वेगळीच. साध्या कागदावर तलवारीचे वर्णन, फोटो, प्रत्येकाची सही आणि तारीख एवढे तरी आज करा. रक्कम मोठी असण्याची शक्यता दिसली तर वकिलाकडून नीट करारपत्र करून घ्या.

तलवार शेतात नांगरताना, विहीर उपसताना किंवा वाडा पाडताना भिंतीत सापडली असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे. १८७८ चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या बांधकामात दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. अशी तलवार "आजोबांची" म्हणून विकायला काढू नका.

टप्पा ३ : घराबाहेर काढण्याआधी कायद्याची बाजू

शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात तलवारीचे नाव आहे. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाची नसलेली, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रे त्याच वर्गात येतात. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा काळात मनाई आदेश निघतात. ते लागू असताना तलवार, भाले, लाठ्या घेऊन सार्वजनिक जागी फिरणे गुन्हा ठरतो. पुरातन वस्तू आहे, पूजेची आहे, मूल्यांकनाला नेतो आहे, हे रस्त्यावर पटवून देत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

म्हणून आधी तलवार न घेता पोलीस ठाण्यात जा. सोबत फोटो, मोजमाप आणि एक अर्ज न्या : अशी वडिलोपार्जित तलवार आमच्याकडे आहे, तिचे मूल्यांकन करून विक्री करायची आहे. अर्जाची पोच घ्या. परवान्याबद्दलचा प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयाच्या, शहर असेल तर पोलीस आयुक्तालयाच्या, शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. तोंडी "काही होत नाही, न्या" यावर विसंबू नका.

पुढचा कायदा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी शस्त्रे या कायद्याच्या व्याख्येत पुरावशेष ठरू शकतात. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. विकत घेणारा लंडनला असो वा न्यू जर्सीला, त्याचा पुतण्या सामानातून नेणार असो वा कुरिअरने, उत्तर नाहीच. पुरावशेष खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्याला याच कायद्याखाली परवाना लागतो. व्यापाऱ्याशी बोलताना परवान्याचा क्रमांक पहिल्याच भेटीत विचारा. वस्तूची नोंदणी सक्तीची आहे का, हे नोंदणी अधिकाऱ्याकडून तपासून घ्या. तलवार शंभर वर्षांहून कमी जुनी वाटत असेल तर ती पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळवता येतो.

*सावधान :* मूठ हस्तिदंताची किंवा गेंड्याच्या शिंगाची आहे का? म्यानावर वाघाचे कातडे आहे का? मग इथेच थांबा. वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे अशा वस्तूची विक्री होत नाही, जुना मालकीचा दाखला असला तरीही. विक्रीचा विचार सोडून आधी वन विभागाशी बोला. हाड आणि हस्तिदंत यांत फरक करण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा उद्योग अजिबात करू नका.

टप्पा ४ : मोजमाप आणि फोटो

तलवार हलवायची नाही म्हटल्यावर पहिली पाहणी फोटोंवरच होणार. म्हणून यात घाई नको.

मोजायचे ते हे : एकूण लांबी, पात्याची लांबी, मुठीपासून टोकापर्यंत सरळ रेषेत (वक्रावरून टेप फिरवायची नाही), पात्याची रुंदी आणि पाठीची जाडी, तीन ठिकाणी, म्हणजे मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाच्या चार बोटे आधी, वजन, म्यानासह आणि म्यानाविना. जाडीसाठी व्हर्नियर कॅलिपर वापरा. हातघडणीचे पाते मुठीकडून टोकाकडे बारीक होत जाते. पत्र्यातून कापलेली नक्कल बहुधा शेवटपर्यंत एकाच जाडीची असते. या एका मापानेच कितीतरी खोट्या तलवारी उघड्या पडतात.

फोटो सकाळी खिडकीजवळ, करड्या किंवा पांढऱ्या साध्या कापडावर, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. फ्लॅश नको. दोन्ही बाजू पूर्ण, पाठ, टोक, मूठ चारही बाजूंनी, मुठीवरची वाटी वरून, मूठ आणि पाते मिळतात ती जागा, म्यानाचे तोंड आणि तळ असे निदान पंधरा फोटो व्हावेत. अक्षरे किंवा शिक्का असेल तर खोली अंधारी करून टॉर्च जवळजवळ पात्याला समांतर धरा. समोरून पाहताना न दिसणारी अक्षरे आडव्या उजेडात वर येतात.

*तपासा :* मोडलेले टोक, भेग, वेल्डिंग, वाकलेली मूठ यांचेही फोटो काढलेत ना? दोष लपवून मिळवलेला आकडा प्रत्यक्ष भेटीत कोसळतो, आणि तुमच्या बाकीच्या माहितीवरचा विश्वासही त्याबरोबर जातो.

टप्पा ५ : तलवार कोणत्या कुळातली, ते ओळखा

हे काम शेवटी जाणकाराचेच. पण ढोबळ ओळख तुम्हाला पटली असेल तर तुम्ही योग्य जाणकाराकडे जाल.

*देशी तलवार, धोप, पट्टा.* वक्र पाते, लोखंडी मूठ, वर चपटी वाटी ही नेहमीची तलवार. सरळसर लांब पाते ती धोप. कोपरापर्यंत हात झाकणारी पोलादी मूठ असलेला तो पट्टा. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाते आणि मूठ एकाच वयाचे असतातच असे नाही. चांगले पाते पिढ्यान् पिढ्या नव्या मुठींत बसवले जाई. "तलवार शिवकालीन आहे" असे कोणी म्हणाले तर पाते की मूठ, हे विचारा.

*फिरंग.* पाते युरोपातून आलेले, मूठ इथली. अशा पात्यांवर युरोपी कारागिरांच्या खुणा असतात : धावता लांडगा, समोरासमोर कोरलेल्या दातेरी कोयत्यांच्या जोड्या, इटलीतल्या 'जेनोवा' गावाचे किंवा 'आंद्रेआ फेरारा' या कारागिराचे नाव. या खुणांना मान होता, म्हणूनच त्या युरोपात आणि हिंदुस्थानातही सर्रास उतरवल्या गेल्या. खूण दिसली म्हणजे पाते त्याच गावचे, असे मानू नका. इराणातल्या इस्फहानचा तलवार घडवणारा असदउल्ला, त्याच्या सहीचेही तसेच. त्या नावाची पाती एवढी आहेत की एका माणसाच्या हातून ती होणे शक्य नाही.

*ब्रिटिश अमदानीतली लष्करी तलवार.* सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांत पणजोबा सुभेदार किंवा जमादार असलेल्या घरांत ही सापडते. हिचे वय ठरवणे त्या मानाने सोपे, कारण ती स्वतःच बोलते. मुठीच्या जाळीत किंवा पात्यावर राजमुद्रेची अक्षरे पाहा : व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत; सातव्या एडवर्डची १९०१ ते १९१०; पाचव्या जॉर्जची १९१० ते १९३६. बाणाच्या फाळासारखी खूण म्हणजे सरकारी मालकी. दोन फाळ टोकाला टोक लावून असतील तर ती वस्तू सरकारने सेवेतून काढून विकलेली आहे. ती खूण खोडून काढू नका, उलट ती तुमच्या बाजूचा पुरावा आहे. विल्किन्सन कंपनीच्या तलवारींवर १८५० च्या दशकापासून पाठीवर क्रमांक येऊ लागले. कंपनीच्या जुन्या नोंदवह्यांतून त्या क्रमांकावरून विक्रीचा काळ, कधीकधी पहिल्या मालकाचे नावही मिळते.

पलटणीच्या आकड्यांनीही मदत होते. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे मराठा पलटणींचे क्रमांक १९०३ च्या फेरक्रमांकानंतरचे. १९२२ च्या पुनर्रचनेत ते गेले. तेव्हा पलटणीच्या अक्षरांसह यांतला एखादा आकडा असेल तर काळ जवळजवळ वीस वर्षांत बांधला जातो. नुसता आकडा असेल तर मात्र तो शस्त्रागारातल्या जागेचाही असू शकतो.

*नवी नक्कल.* लग्नात नवरदेवाच्या हाती देण्याच्या, सत्कारात भेट देण्याच्या तलवारी आता तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत आणि दिसायला जुन्या वाटतात. क्रोमचा मुलामा, साच्यातल्या ओतकामाची शिवण मुठीवर, ग्राइंडरच्या समांतर रेषा, आम्लाने चढवलेला सारखा गंज ही लक्षणे. 'डमास्कस' म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या पात्यांवर नक्षी ठरावीक अंतराने तशीच्या तशी परत येत असेल तर ती वरवर कोरलेली समजा. चुंबक चिकटले म्हणून तलवार जुनी ठरत नाही. कितीतरी जातींच्या स्टेनलेस स्टीललाही चुंबक चिकटते.

टप्पा ६ : घराण्याची गोष्ट वेगळी, पुरावा वेगळा

"पानिपतावर गेलेली तलवार" ही गोष्ट घरात जपावी, लिहूनही ठेवावी. पण जाणकार विचारतो तो कागद. सनद, इनामपत्र, जुना शस्त्र परवाना, वाटणीपत्रातला उल्लेख, सैनिकाचे डिस्चार्ज बुक, तलवार हातात धरून काढलेला जुना फोटो, यांतले काहीही असेल तर बाहेर काढा. मोडी कागद असतील तर मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या. मूळ कागदावर पेनाने खुणा करू नका आणि त्यांना लॅमिनेशनही नको.

पुराव्याचे वजन किती, याचे अलीकडचे उदाहरण घ्या. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची फिरंग २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. त्या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग' असा लेख आहे. तलवार कोणाची, हे तिच्यावरच लिहिलेले. तसा लेख नसलेल्या, तशाच घडणीच्या फिरंगेला त्या आकड्याच्या जवळपासही धरता येणार नाही. टिपू सुलतानाची तलवार २०२३ मध्ये १ कोटी ४० लाख पौंडांना गेली, तो आकडा तर तुलनेला घ्यायचाच नाही.

*सावधान :* लेख नसलेल्या पात्यावर नंतर नाव कोरून देणारे कारागीर आहेत. ते करवून घेणे ही फसवणूक आहे आणि त्यात खरे पातेही कायमचे बाद होते.

टप्पा ७ : जाणकार निवडा

दोन वेगळी कामे दोन वेगळ्या माणसांकडून करून घ्या. ओळख पटवणे हे शस्त्रांचा आणि इतिहासाचा अभ्यास असलेल्याचे काम. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय अशा ठिकाणी पत्र लिहून कोणाला भेटावे हे विचारता येते. तिथे किमतीचा आकडा मागू नका, ते त्यांचे काम नाही. किंमत ठरवणे हे व्हॅल्युअरचे किंवा लिलावगृहाच्या तज्ज्ञाचे काम.

व्हॅल्युअरला पहिल्या फोनवर तीन प्रश्न विचारा. याआधी कोणत्या प्रकारच्या तलवारी पाहिल्या आहेत? फी कशी घेता? तुम्ही स्वतः किंवा तुमचे कोणी ही वस्तू विकत घेणार आहे का? नाणी किंवा चित्रे जाणणारा माणूस तलवारही जाणतोच असे नाही. फी ठरावीक रकमेची किंवा वेळेवर असावी. किमतीच्या टक्क्यांवर फी मागणाऱ्याला आकडा फुगवण्यात रस असतो. आणि जो "मूल्यांकन फुकट करतो, नंतर मीच घेतो" म्हणतो तो तुमचा व्हॅल्युअर नाही, तो गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक म्हणून बोलायला हरकत नाही, पण नंतर.

पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार ही पहिली पायरी करू नका. तिथे ऐकलेला पहिला आकडा कानात राहतो आणि पुढचा प्रत्येक आकडा तुम्ही त्याच्याशीच ताडून पाहता.

शक्यतो जाणकाराला घरी बोलवा. येण्याजाण्याचा खर्च द्यावा लागला तरी टप्पा ३ मधली जोखीम टळते.

टप्पा ८ : कशासाठी मूल्यांकन, हे आधीच सांगा

विम्यासाठीचा आकडा तशीच वस्तू परत मिळवायला काय लागेल यावर निघतो, म्हणून चढा असतो. विक्रीसाठीचा आकडा आज खुशीने घेणारा काय देईल यावर. लिलावगृह किमान-कमाल असा अंदाज देते आणि त्यातून त्यांचे कमिशन वजा होते. विम्याचा आकडा हाती धरून विकायला बसलेली घरे मी पाहिली आहेत. वर्षानुवर्षे त्यांची तलवार विकली जात नाही.

तलवार १ एप्रिल २००१ च्या आधीपासून घराण्यात असेल तर भांडवली नफ्याच्या हिशेबासाठी त्या तारखेची बाजारकिंमत लागू शकते. सीएला आधी विचारा आणि गरज असेल तर त्याच भेटीत व्हॅल्युअरकडून तो आकडाही लिहून घ्या.

अहवाल लेखी हवा. त्यात मोजमाप, फोटो, पात्याचे आणि मुठीचे वेगवेगळे वर्णन व काळ, दोष, दुरुस्त्या, तुलनेसाठी धरलेल्या विक्री, मूल्यांकनाचा हेतू, तारीख आणि सही असावी. "अत्यंत दुर्मीळ, अनमोल" असे शब्द आणि खाली एक गोल आकडा, एवढाच अहवाल मिळाला तर पैसे देण्याआधी उरलेले लिहून मागा.

*तपासा :* दोन जाणकारांचे काळाबद्दलचे मत जुळते का? किमतीत फरक असणारच. काळात शंभर वर्षांचा फरक असेल तर तिसऱ्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ९ : विक्री

आता गिऱ्हाईक बघा. अहवालाची प्रत द्या, मूळ स्वतःकडे ठेवा. मनात एक किमान आकडा ठरवा आणि तो सगळ्या वारसांना सांगून ठेवा, म्हणजे बोलणी चालू असताना घरातच दोन मते होणार नाहीत. "म्यान सोडून द्या, मूठ तेवढी हवी" अशी मागणी मान्य करू नका; सुटे केलेले भाग पुन्हा एकत्र येत नाहीत.

ताबा देताना घेणाऱ्याचे ओळखपत्र, पत्ता, त्याच्याकडे लागणाऱ्या परवान्याची प्रत आणि सहीची पावती घ्या. पैसे बँकेतूनच. पावतीवर तलवारीची मापे आणि फोटो असू द्या, आणि वस्तू देशाबाहेर नेणार नाही हे त्याच्याकडून लिहून घ्या. कुरिअर नको, एसटीच्या पार्सलने नको. हस्तांतराची माहिती टप्पा ३ मधल्या पोलीस ठाण्यात पुन्हा लेखी द्या, तीही पोच घेऊन, आणि ती पोच अहवालाच्या फाइलमध्ये लावून ठेवा.